अडचण, वजावट न करता

२ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

मी, आपला धाकटा आणि एकुलता भाऊ, वय वर्षे चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, लाकडी फर्निचरच्या कारखान्यात वरिष्ठ लेखापाल, हे पत्र एका निश्चित कामासाठी लिहीत आहे. काम संपले की पत्रही संपेल. आपला वेळ वाया जाणार नाही याची दक्षता घेतली आहे.

वडिलांच्या दुकानातला आपला हिस्सा आपण माझा विचार पूर्ण होण्याआधीच विकलात, तेव्हापासून आपल्यात छापील निमंत्रणांखेरीज पत्रव्यवहार नाही. त्या विषयावर माझे मत कायम आहे. आपलेही असणार. तो विषय या पत्राच्या कक्षेबाहेर ठेवू.

गेल्या दीड वर्षापासून मला कंपवाताचा किरकोळ त्रास आहे. उजवा हात थोडा थरथरतो आणि चाल किंचित मंदावली आहे. गोळ्या चालू आहेत. काळजीचे कारण नाही. अपंगत्व साहाय्य निधीकडे मी अर्ज केला आहे. तो मंजूर झाला, तर चालण्याच्या आणि आवाजाच्या उपचारांचा खर्च मिळतो, शिवाय सकाळी घरी येणारी एक मदतनीस मिळते. अर्जाच्या शेवटच्या पानावर अर्जदाराला आजाराआधीपासून ओळखणाऱ्या, परंतु त्याच्या घरात न राहणाऱ्या नातेवाइकाचे निवेदन लागते. अशा नातेवाइकांचा शोध घेतला असता आपण एकट्याच उरता.

आपले कष्ट वाचावेत म्हणून मसुदा मीच केला आहे: "मी अर्जदाराला जन्मापासून ओळखते. त्याने लिहिलेले सर्व खरे आहे." याखाली सही करून पान परत पाठवावे. पाकिटावर तिकीट लावलेले आहे.

हस्ताक्षर सौ.चे आहे. माझा उजवा हात तूर्त अन्य कामात आहे.

आपला,
भाऊ

ता. क. वन्सं, नमस्कार. अन्य काम म्हणजे थरथरणं. — तुमची भावजय.

वरील ओळ माझ्या संमतीशिवाय घातलेली आहे. खोडायला सांगितले, तेव्हा पेन तिच्याच हातात असल्याचे लक्षात आले.

१९ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

आपले पत्र मिळाले. त्यात आपण मला "काट्या" असे संबोधले आहे. दुकानातल्या तराजूच्या काट्यावरून पडलेले हे नाव आजवर या घरात कुणाला ठाऊक नव्हते. पत्र सौ.ने फोडल्यामुळे आता ते तसे राहिलेले नाही.

आपण लिहिता, "तीस वर्षं शाळा चालवली. न वाचलेल्या उत्तरपत्रिकेवर उभ्या आयुष्यात सही केली नाही, आणि आता निवृत्त झाल्यावर तर मुळीच करणार नाही. अख्खा अर्ज पाठव, मग बघू." मुख्याध्यापिकेच्या दृष्टीने ही भूमिका मला मान्य आहे. अर्जाची प्रत बंद पाकिटात सोबत जोडली आहे. अर्ज मी कार्यालयातल्या संगणकावर एकट्याने भरला. सौ.ला दाखवला नाही, कारण तिला अशा कागदांवर चर्चा करण्याची सवय आहे. त्यात एकही शब्द फुगवलेला नाही, हे आपल्याला वाचताच दिसेल. निवेदन मागाहून जोडता येते, त्यामुळे घाई नाही, तरीही विलंब नसावा.

निधीच्या तपासणी अधिकारी बाई गेल्या आठवड्यात घरी येऊन गेल्या. वेळ निवडण्याची मुभा आम्हाला होती. मी दुपार निवडली, कारण तेव्हा गोळीचा परिणाम उत्तम असतो. वर्षअखेरीस मालाची मोजदाद व्हायची असली की आम्ही गोदाम झाडून, रचून ठेवतो. त्याच रीतीने मीही दाढी, इस्त्रीचा शर्ट आणि टाय अशा तयारीत बसलो होतो. बाईंनी चालून दाखवायला सांगितले. मी दारापर्यंत जाऊन परत आलो. पुढे त्यांना निरोप द्यायला जिन्यापर्यंतही गेलो. त्या म्हणाल्या, "वा! छान चालता हो तुम्ही." इतक्या मोकळेपणाने कौतुक करणारा सरकारी माणूस मी प्रथमच पाहिला.

निकाल अनुकूल लागण्यात अडथळा दिसत नाही.

आपला,
भाऊ

ता. क. वन्सं, जिन्यापर्यंत गेले हे खरं. परत मी आणलं, त्या दिवशी मला सुट्टी होती. आणि पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलंय, निम्मा डिंक टेबलाला आहे. काटेभावजी म्हणायचं मनात आलं होतं, पण नवऱ्याला भावजी कसं म्हणणार?

एक सांगायचं आहे, ते लिहू देत नाहीत, म्हणून ते दाढीला बसलेत तोवर लिहिते. आमच्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात माझी दुपारची शिफ्ट बंद होतेय. मला सकाळच्या शिफ्टची सुपरवायझर करणार आहेत, मोठ्या साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. सहाला हजर राहायचं. आणि यांची सकाळ म्हणजे… जाऊ दे. मार्चअखेर उत्तर द्यायचं आहे. मदतनीस मिळाली तर हो म्हणेन. नाही मिळाली, तर नोकरीच सुटली म्हणा, मधलं काही नाही. एकवीस वर्षं काचा घासल्या, वन्सं. मला ती खुर्ची हवी आहे.

११ मार्च

तीर्थरूप ताईस,

अर्ज नामंजूर झाला.

पत्रातला मजकूर जसाच्या तसा देतो: "अर्जदाराच्या स्वतःच्या उत्तरांवरून औषधे घेणे, कपडे घालणे, अंघोळ, चालणे व बोलणे यांत त्यास कोणतीही अडचण असल्याचे दिसून येत नाही. आपल्या उत्तम प्रकृतीस शुभेच्छा." शेवटच्या वाक्याची तर नियमानुसार गरजच नव्हती.

पत्र आले तेव्हा सौ. सुट्टी असल्याने घरात होती. तिने अर्जाची प्रत मागितली. मी ती दिली. त्यानंतर जे संभाषण झाले, ते तिच्याच आग्रहावरून येथे नोंदवतो. लिहून तीच घेत आहे, त्यामुळे काटछाटीला वाव नाही.

ती म्हणाली, "गोळ्यांची कुणी आठवण करून द्यावी लागते का. तुम्ही लिहिलंय, नाही."

मी म्हणालो, "नाहीच लागत. तू करून देतेस ना."

"बटणं लावता येतात का. होय?"

"लागतात. रोज लागतात. तू लावतेस."

"रात्री अंथरुणात कूस बदलता येते का. होय?"

"तू ढकलतेस की."

"अहो, मग या अख्ख्या अर्जात मी कुठे आहे?"

मी तिला पद्धत समजावून सांगितली. एकूण अडचणीतून उपलब्ध मदत वजा केली की निव्वळ अडचण उरते. आमच्या बाबतीत ती शून्य येते. निधीला दाखवायची ती निव्वळ अडचणच, बाकीचा फुगवटा झाला. "तू वजावटीत आहेस," मी म्हणालो.

तिने अर्ज टेबलावर ठेवला. "सत्तावीस वर्षं मला वाटत होतं, मी संसारात आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन भांडी घासू लागली. ती भांडी आधीच घासलेली होती.

त्याच दुपारी माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. या बाई वयाने लहान, आवाजाने मोठ्या. माझी पावले मोठी आणि आवाज मोठा करून घेणे, हे त्यांचे काम. कंपवातात पाय दाराच्या चौकटीत अडतात. पुढची खोली दिसत असते, जायचेही असते, पण तळवे फरशीला चिकटून राहतात. यावर बाईंनी स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर लाल पट्टी चिकटवून दिली आहे. पट्टी ओलांडायची असे मनाशी म्हटले की पाय उचलतो. त्यांनी अर्ज वाचला आणि खुर्चीतच हसायला लागल्या.

"काका, दारात अडता हे लिहिलंच नाहीत?"

"पट्टी आहे ना."

"पट्टी घरात आहे! रस्त्यावर, बँकेत, दवाखान्यात मी पट्ट्या लावत फिरू का तुमच्यापुढे?"

"तशी तरतूद असेल, तर…"

"काकू, यांना आवरा."

जाताना मात्र त्या हसत नव्हत्या. आतापर्यंत त्या अर्जाच्या भरवशावर येत होत्या; निधीची मंजुरी नसेल, तर महिन्याच्या शेवटी त्यांना माझे सत्र बंद करावे लागेल. त्यांच्याकडे रांग आहे. "आता कुठे तुमचा आवाज शेजारच्या खोलीत पोचायला लागलाय," असे त्या म्हणाल्या.

फेरविचारासाठी अर्ज करण्याची मुदत आहे. आपल्याकडे प्रत आहे. आपण वाचली असेल. निवेदनाचे काय ते कळवावे.

भाऊ

ता. क. वन्सं, मी अजून रागावलेली आहे. पण ते गोळी घेताना माझ्याकडे बघत होते, म्हणून दिली.

१८ मार्च

ताई,

तुझे पत्र वाचले. "नापास" हा शब्द लाल शाईने लिहिण्याची आवश्यकता होती का, यावर मी भाष्य करत नाही. "तू"वर आलो आहे, हे लक्षात आले असेल. लाल शाईनंतर "आपण" टिकवणे कठीण जाते.

तू मला प्रश्न घालून दिलास: "एक सकाळ लिही. उठल्यापासून पहिली गोळी लागू पडेपर्यंत. बायकोला हात लावायची मनाई. ती नसती तर काय झालं असतं, तेवढंच लिही. गोदाम झाडू नकोस." प्रश्न नीट घातला होता. तो सोडवणे भाग होते. परवा सोडवला.

सौ. पलंगाशेजारी खुर्चीत, हात मांडीवर घेऊन बसली. अट अशी की मी स्पष्ट शब्दांत मागितल्याशिवाय मदत द्यायची नाही. ती म्हणाली, "मागाल?" मी म्हणालो, वेळच येणार नाही.

जाग आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून होतो. गोळ्या दुसऱ्या बाजूला होत्या. वळलो नाही. वळण्याचा हुकूम वरून सुटत होता, खाली कुणी बजावणी करत नव्हते. पांघरुणाचे टोक धरून, हेलकावे घेऊन, अखेर वळलो. गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा फोडायला अंगठ्यात नेमका जोर लागतो. माझ्या अंगठ्यात जोर कमी आणि हालचाल जास्त. पहिली गोळी उडाली आणि कपाटाखाली गेली. सौ. अर्धी उठली. मी बोट दाखवून तिला बसवले. दुसरी गोळी हातात आली. पेला तोंडापर्यंत नेईपर्यंत निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले. तेवढ्यानेही गोळी गिळली गेली. हा सकाळचा सर्वोच्च बिंदू होता.

गोळी लागू पडायला बराच वेळ लागतो, आणि तोवर पोटात दूध किंवा अंडे गेले, तर ती रुसते. म्हणून न्याहारी थांबवून शर्ट घालायचे ठरवले. शर्टाबद्दल एवढेच लिहितो की तिसऱ्या बटणावर मी होतो आणि पहिले दोन्ही चुकीच्या काजांत होते. सौ.ने दोन्ही हात खुर्चीखाली घेतले आणि त्यांवर बसली. "माझ्याने बघवत नाही," म्हणाली, आणि बघत राहिली.

मग मी स्वयंपाकघराकडे निघालो. लाल पट्टी सौ.ने उचलून ठेवली होती. हा तिचा स्वतःचा नियम, तुझ्या प्रश्नपत्रिकेत नव्हता. "बाहेर कुठे पट्टी असते?" असे तिचे म्हणणे. मी दारात अडलो. पाय जागच्या जागी थरथरू लागले आणि वरचे अंग पुढे झुकू लागले. पुढे स्वयंपाकघरातला ओटा होता. पडलो तर त्याची कड नेमकी माझ्या कपाळावर येणार, एवढा हिशेब त्या स्थितीतही झाला.

मी म्हणालो, "अगं."

ती म्हणाली, "काय?"

मी म्हणालो, "हात दे." तिला ऐकू गेले नाही. माझा आवाज अलीकडे माझ्यापाशीच राहतो.

"काय म्हणालात? स्पष्ट शब्दांत ठरलंय आपलं!" तोवर ती रडत होती आणि अट मोडत नव्हती. अशी बाई तू पाहिली नसशील.

तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी पोटातून श्वास घेतला आणि ओरडलो, "मला मदत कर!"

ताई, मी इतका मोठ्याने या वास्तूत कधी बोललो नव्हतो. सौ.ने झेप घेऊन मला धरले. आम्ही दोघे चौकटीला टेकून उभे राहिलो, आणि वरच्या मजल्यावरून धावण्याचा आवाज आला. वर एक निवृत्त पोस्टमन राहतात. गेली नऊ वर्षे आमचा संबंध "काय, बरं आहे ना?" आणि "हो, बरं आहे" एवढाच. ते बनियनवर, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात आले. "कोण आहे? चोर आहे का?"

सौ. म्हणाली, "चोर नाही. यांना मदत हवी होती."

"मग एवढंच ना!" ते म्हणाले, आणि स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून माझी दुसरी बाजू धरली. "अहो, दीड वर्षं मी बघतोय तुम्ही जिना कसा चढता ते. म्हटलं, विचारलं तर अपमान वाटेल." त्यांनी मला खुर्चीत बसवले, चहा मागितला, घेतला, आणि बटणे लावून दिली. दोन बटणे त्यांनीही चुकीची लावली. सौ. इतकी हसली, की तिला बसावे लागले.

यानंतर मी अर्ज पुन्हा लिहिला. नवख्या लेखापालांना पहिल्याच आठवड्यात मी एक नियम शिकवतो: देणे आणि येणे एकमेकांत वजा करून दाखवू नये, दोन्ही बाजू पूर्ण मांडाव्यात, नाहीतर वाचणाऱ्याला धंदा केवढा आहे हे कळतच नाही. हा नियम मी तोंडपाठ शिकवत आलो आणि स्वतःचा अर्ज भरताना मोडला. कारखान्यात कुणी असे केले असते, तर मी त्याला कागद परत केले असते. निधीने माझ्या बाबतीत तेच केले.

"औषधे व उपचार" या रकान्यातले माझे नवे उत्तर तुला तपासण्यासाठी देतो:

"गोळ्यांशिवाय मी वळू, उठू किंवा चालू शकत नाही. गोळी घेतल्यावर काही तास बरे असतात, मग परिणाम ओसरतो. तपासणी अधिकारी आल्या, तेव्हा ते बरे तास चालू होते. ती वेळ मीच निवडली होती. गोळीची वेळ चुकली, तर पुढचा सगळा दिवस चुकतो. वेळेची आठवण मला करून द्यावी लागते, शिवाय पाकीट फोडणे आणि पाणी धरणे मला जमत नाही. हे काम माझी पत्नी करते. बटणे ती लावते. रात्री कूस ती बदलवते, आणि त्यासाठी स्वतः उठते. चालण्याच्या उपचारामुळे मी दारात अडल्यावर सुटायला शिकलो, पण नेहमी सुटत नाही. आवाजाच्या उपचारामुळे मला मदत मागता येते. तो उपचार नसता, तर परवा मी पडलो असतो आणि शेजारच्या खोलीतही कळले नसते. पत्नी सकाळी कामावर गेल्यास वरीलपैकी कोणतेही काम होणार नाही. तिने कामावर जावे, अशी माझी इच्छा आहे."

शेवटचे वाक्य रकान्याच्या बाहेर जात होते. तरी ठेवले.

तुझा,
काट्या

ता. क. वन्सं, लिहून घेताना मला पुढचं अक्षर दिसेना, म्हणून मधेच थांबले. ते म्हणाले, "काय झालं, शाई संपली का?" माणूस सुधारतोय, पण सावकाश.

३१ मार्च

ताई,

तुझे निवेदन पोहोचले. माझा मसुदा तू वापरला नाहीस. अर्ज रवाना करण्यापूर्वी मी ते वाचणे नियमबाह्य होते की नाही, हे मला ठाऊक नाही. मी वाचले.

"मी अर्जदाराला जन्मापासून ओळखते. आजाराआधी तो वडिलांच्या दुकानात पुड्याला सुतळीची गाठ एका हाताने मारत असे, आणि गिऱ्हाईक मोड मोजेपर्यंत दुसरा पुडा बांधून तयार ठेवत असे. तो खोटे बोलत नाही. परंतु आपल्याला मदत लागते, असे तो लहानपणापासून आजवर कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही. झाडावरून पडून हात मोडला, तेव्हाही तो 'थोडा वाकला आहे' असे म्हणाला होता. तेव्हा या अर्जात तो मदत मागत असेल, तर त्याने लिहिले आहे त्याहून जास्त लागते असे समजावे."

हात खरोखर थोडाच वाकला होता. ते असो.

निधीचा निकाल अजून आलेला नाही. चौकशी केली असता, "विचाराधीन" असे उत्तर मिळाले. आणि आज सौ.ला कारखान्यात उत्तर द्यायचे होते. दुपारी ती कामावर निघाली. चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नाही सांगते. निकाल नाही, काही नाही, कशाच्या जोरावर हो म्हणू? तुमचा विचार काय?"

माझा विचार पूर्ण झालेला नव्हता. निधी पुन्हा नाही म्हणाला तर काय, मदतनीस उशिरा मिळाली तर काय, पगारातून खाजगी बाई किती दिवस परवडेल, ही सगळी कलमे उघडी होती. ती बंद केल्याशिवाय मी कधी कोणत्या कागदावर हो म्हटलेले नाही. हे तुझ्याइतके कुणाला माहीत आहे?

मी म्हणालो, "हो सांग."

"अहो, पण सकाळी?"

"हो सांग, म्हणतो ना." हे मी पोटातून म्हणालो असणार, कारण वरून पोस्टमन ओरडले, "वहिनी, हो सांगा! पहिले काही दिवस मी येतो खाली. बटणं शिकलोय आता!"

सौ. जिन्यावरून वर बघून म्हणाली, "आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं का हो तुम्हाला?"

"आधी येत नव्हतं," ते म्हणाले. "बाईंच्या उपचाराला यश आलंय."

ती हो सांगायला गेली आहे. हे पत्र पोस्टमन लिहून घेत आहेत. त्यांचे अक्षर वाचनीय आहे. पत्ता मात्र त्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत सुंदर लिहिला आहे.

तुझा,
काट्या

ता. क. नमस्कार. मी वरचा. काळजी करू नये. दुधाआधी गोळी, हे मला पाठ झालं आहे.

२२ एप्रिल

ताई,

हे पत्र मी स्वतः, एका बोटाने, यंत्रावर लिहीत आहे. तुझे अंदाज चुकू नयेत म्हणून सांगतो: सकाळी सुरू केले, आता दुपार झाली आहे. मध्ये दोन वेळा एकच अक्षर ओळभर उमटले, ते पुसले.

निकाल आला. चालण्याचे आणि आवाजाचे उपचार वर्षभरासाठी मंजूर झाले. सकाळची मदतनीस आठवड्यातून पाच दिवस मंजूर झाली. सहावा दिवस नाकारण्याचे कारण विचारले, तेव्हा कळले की सौ.चा कारखाना सहाव्या दिवशी उशिरा उघडतो, असे मीच अर्जात लिहिले होते. तेवढी वजावट त्यांनी योग्यच केली.

पहिले तीन आठवडे पोस्टमन रोज पहाटे खाली येत होते. त्या काळात माझी एक गोळी त्यांच्या चहात पडली आणि एकदा शर्ट उलटा घालून मी कार्यालयात गेलो. कुणी काही बोलले नाही, कारण आता मी सांगून टाकले आहे. ज्या नवख्यांना मी नियम शिकवतो, ते माझ्या टेबलाजवळच्या दारात रंगीत पट्टी लावून गेले. सरळ लावलेली नाही. मी ती ओलांडतो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आवाजाचा नवीन पाठ दिला आहे: लांबच्या माणसाशी बोलायचे वाक्य रोज मोठ्याने म्हणायचे. वाक्य मी निवडायचे. मी निवडलेले असे: "ताई, तू ये." दुकानाबद्दल माझे मत कायम आहे, तुझेही राहू दे. आपण चहा घेताना ती दोन मते टेबलावर ठेवू, आणि एकातून दुसरे वजा करायला जाऊ नये. जिना अवघड नाही. अडचण असेल, तर पोस्टमन आहेत. गाडी कोणती ते कळव. मी स्थानकावर न्यायला येईन, असे लिहिणार होतो. मी येणार नाही, ताई. स्थानकाला दारे फार आहेत. सौ. येईल.

मदतनीस परवापासून येऊ लागली. उंच, कमी बोलणारी बाई आहे. आल्या आल्या तिने विचारले, "काय काय जमत नाही ते सांगा. सगळं सांगा, लाजू नका." मी सांगू लागलो. कूस सांगितली, गोळ्यांचे पाकीट सांगितले, पेला, बटणे, चौकट सांगितली. सांगण्याचा ओघ असा लागला, की ती म्हणाली, "काका, जमतं काय तेही सांगा एखादं." मी म्हणालो, हिशेब जमतो.

सौ. बाजूला उभी राहून हे ऐकत होती. तिच्या गळ्यात कारखान्याचे नवे ओळखपत्र होते, "सुपरवायझर" असे छापलेले. छायाचित्रात डोळे मिटलेले आहेत. ती मदतनिसाला एकेक गोष्ट समजावू लागली: गोळीचा पत्रा असा फोडायचा, पेला निम्माच भरायचा, दारात अडले तर ओढायचे नाही, नुसते पावलापुढे पाऊल ठेवून दाखवायचे. समजावून झाले. पुन्हा समजावले. दारापर्यंत जाऊन परत आली आणि माझी कॉलर नीट केली, जी नीट होती.

"जा," मी म्हणालो. "तुझी माणसं वाट बघत असतील."

"जाते," ती म्हणाली. "काही लागलं, तर…"

"मागेन."

ती गेली. मदतनीस स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली होती. मी खुर्चीत बसून जिन्याकडे कान लावला. पहिल्या वळणापर्यंत पावले सावध होती, परत फिरायला तयार असावीत तशी. दुसऱ्या वळणावर ती भराभर पडू लागली. मग खाली, मोठा दरवाजा लागण्याच्या आधी, सौ. गाणे गुणगुणत असल्याचे मला ऐकू आले.

तिला गाता येते, हे मी विसरून गेलो होतो.

तुझा धाकटा भाऊ,
काट्या
(सही स्वहस्ते)

स्थळ: घर, जिन्याच्या बाजूची खुर्ची
दिनांक: २२ एप्रिल